टाकी फुल्ल, गाडी ढिम्म : दोहा ते रुवैस

कतारच्या उत्तर टोकाला, रुवैसला, लोक समुद्र बघायला जातात. आम्ही गेलो एका माणसाची नोकरी वाचवायला. समुद्रही दिसला, आणि मस्त दिसला, पण ते पुढे सांगतो.

आमच्या कंपनीत एक म्हातारी पेट्रोल पिकअप आहे. ती चालवतात दापोलीकडचे इस्माईलभाई. मी तासगावचा, एसी दुरुस्त करतो. दोह्याच्या अल नस्र भागात आम्ही दोघं एकाच खोलीत राहतो. मागे वाळूचं मोठं वादळ झालं, त्या सुमारास या पिकअपने नवीन नाटक सुरू केलं. शहरात ती व्यवस्थित चालायची. हायवेला लागली की अर्ध्या तासात दम सोडायची. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ढिम्म! पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा ठणठणीत. ओढून गॅरेजात न्यावी, तर तिथे पहिल्या झटक्यात चालू. प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, गाडीत काही नाही, ड्रायव्हरलाच चालवता येत नाही. पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाबद्दल हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

गुरुवारी मॅनेजरने त्याच्या गल्फवाल्या हिंदीत निकाल दिला, "शनिवार को रुवैस साइट पे एसी लेके जाओ. रस्ते में बंद हुआ तो गाडी खलास, तुम भी खलास."

इस्माईलभाई त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

"उद्या सुट्टी आहे," मी म्हणालो. "त्याच रस्त्याने आपण आधी जाऊन येऊ. बंद पडू दे एकदा माझ्यासमोर."

"आणि नाय सापडलं तर?"

"तर शनिवारी मीच मॅनेजरशी भांडतो."

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. इस्माईलभाईंनी आधी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. लांब जायचं तर टाकी फुल्ल, हा त्यांचा नियम. पेट्रोल इथे पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त, त्यामुळे वाचकहो, त्या खर्चाची चिंता नको. पाणी मात्र भरपूर घ्या. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना सपाट माळ आणि मधूनच उंट. अल खोर पन्नासेक किलोमीटरवर आहे. ते दिसायच्या आतच गाडीने मान टाकली. मी आनंदाने टाळी वाजवली, इस्माईलभाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

थोडं थांबून अल खोर गाठलं. किनाऱ्याजवळ मल्याळी हॉटेल आहे. पराठा, ऑम्लेट, कडक चहा, आणि दोघांचं मिळून पाच-सहा रियालात भागतं. अवश्य थांबा.

"गावाकडं माझा पोरगा पण हेच रडगाणं गातो," इस्माईलभाई चहा फुंकत म्हणाले. "कॉलेजला जाताना स्कूटर चढणीवर मरते. जरा थांबला की चालू. आमच्या नशिबात गाड्याच अशा!"

माझं लक्ष पिकअपवर होतं. "टाकी अर्धी असली तर ही कधी बंद पडते?"

ते विचारात पडले. "उशिरा. फुल्ल असली की लवकर मरते."

हे उलटंच होतं. तळाला घाण असती तर टाकी रिकामी होत आल्यावर त्रास व्हायला हवा. अल खोर सोडल्यावर गाडी परत रडायला लागली, तसा मी उतरून थेट टाकीपाशी गेलो आणि झाकण फिरवलं.

सूऽऽऽऽ!

हवा आत ओढली जाण्याचा हा आवाज ओळखायला एसीवाल्याला वेळ लागत नाही. टाकीतून पेट्रोल जात होतं, पण त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत येत नव्हती. मग टाकी पेट्रोल सोडेचना. भरलेल्या टाकीत हवा मुळात थोडी, म्हणून दम लवकर. उभी राहिली की फटीतून हळूहळू हवा शिरायची, आणि गॅरेजात पोचेपर्यंत गाडी शहाणी.

झाकण उलटं केलं. आत नीट घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गच्च बसवला होता.

"ते मीच लावलंय," इस्माईलभाई म्हणाले. "वादळात वाळू जायला नको म्हणून. आमच्याकडं पावसात सगळेच लावतात, टाकीत पाणी जायला नको म्हणून."

मी तुकडा काढला आणि झाकणातलं हवा आत जायचं बारीक भोक दाखवलं. त्यांनी झाकण हातात घेतलं.

"म्हणजे गाडी मीच मारत होतो?"

"जपत होता हो. जरा जास्तच जपलंत."

मला फार वाईट वाटलं. पण मग त्यांनीच कपाळावर हात मारला आणि हसू लागले, आणि मलाही हसू आवरेना.

पुढे काय सांगू! "यल्ला, चला!" म्हणून त्यांनी गाडी जी दामटली, ती थेट रुवैसला. एकदाही खोकली नाही. बंदरात लाकडी होड्या, उथळ हिरवं पाणी, गर्दी नावाला नाही. खाणं सोबत न्या, तिथे फारसं काही मिळत नाही. इस्माईलभाई जुम्म्याची नमाज पढून आले तोवर मी पाण्यात पाय सोडून बसलो होतो. इतका खूश मी कतारमध्ये क्वचितच झालो असेन. परतताना परीक्षा म्हणून मुद्दाम टाकी पुन्हा फुल्ल केली आणि दोह्यापर्यंत कुठेही थांबलो नाही. त्या नादात झुबाराचा जुना किल्ला बघायचा राहिला. तुम्ही चुकवू नका.

शनिवारी माल वेळेवर पोचला. मॅनेजरने विचारलं, किसने ठीक किया? मी म्हणालो, ड्रायव्हरने. इस्माईलभाई लगेच म्हणाले, "बिगाडा भी ड्रायव्हरने, साहब," आणि सगळं खरं सांगून टाकलं. मॅनेजर हसला आणि किल्ली त्यांच्याकडे सरकवली.

खोलीवर आल्या आल्या त्यांनी गावी फोन लावला. "स्कूटरच्या टाकीचं झाकण उघड. आत प्लास्टिक हाय? काढून टाक. कोणी लावलं ते विचारू नको!"

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. स्कूटर एका दमात चढण चढली होती. इस्माईलभाईंनी फोन ठेवला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "इथनं बसून दापोलीची गाडी नीट केली मी! आणि तो गॅरेजवाला म्हणे, मला चालवता येत नाय!"