पॅनेलमागची भिंत

सुदामा नगरातल्या आमच्या घरात बाबांची खोली पश्चिमेला आहे. शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला आणि तिथलं ऊन गेलं. पावसाळ्यात घरातली वाफ त्या थंड भिंतीवर बसायची, थेंब ओघळायचे, आणि पलंगाच्या उशाशी काळी बुरशी धरायची. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना खोकला यायचा, दम लागायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बुरशी गेली नाही तर औषधांचा फारसा उपयोग नाही.

आम्ही ती घालवली. बाहेरचा गळका पाइप बदलला. बाबांना हॉलमध्ये बसवून, तोंडाला फडकं बांधून भिंत धुतली. पलंग हातभर पुढे ओढला. ओले कपडे गच्चीवरच्या पत्र्याखाली गेले. बाबांना दहा वाजेपर्यंत गरम पोहे लागत, त्यामुळे आमच्याकडे दुकानातल्यासारखे पोहे उकळत्या पाण्यावर ठेवलेले असत. ती वाफेची पद्धत बंद केली. खिडकी रोज दोनदा उघडायची, हे ठरलं. दिवाळीपर्यंत भिंतीवर फक्त डाग उरले. बाबा कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन पेपर आणू लागले.

जानेवारीत त्यांच्या पंचाहत्तरीला पुण्याचे काका-काकू येणार होते. मागच्या खेपेला काकू त्या भिंतीपुढे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ना तुमचं? भिंतीला दाढी आलीय!" सगळे हसले होते. मीही हसलो होतो. या वेळी मी भिंतीवर प्लास्टिकचे पॅनेल बसवायला कारागीर बोलावला.

त्याने तळहात टेकवून पाहिलं. "भिया, अंदर से गीली है अभी. एक गर्मी निकल जाने दो."

"इतवार को मेहमान आ रहे हैं."

"मेहमान तो चले जाएँगे, भिया."

तरी मी बसवून घेतले. खोली बरी दिसावी म्हणून पलंगही पुन्हा भिंतीला लावला. काकूंनी पॅनेलवरून हात फिरवला. "अगदी हॉटेल झालंय हो!" बाबा म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी केलं."

पावसाळ्यात बाबांचा खोकला परतला. पॅनेल पांढरेशुभ्र होते, मी ते आठवड्याला पुसत होतो. आम्ही अगरबत्ती बंद केली, उशी बदलली, थंड पाणी बंद केलं. दोन महिने असेच गेले. मग चादर बदलताना बायकोला ओल्या गोणपाटासारखा वास आला. "अहो, हा वास मागून येतोय."

मी पॅनेलची एक पट्टी उचकटली. मागची भिंत जमिनीपासून खिडकीपर्यंत काळी होती. पॅनेल ज्या लाकडी पट्ट्यांवर ठोकले होते, त्यांत नख रुतत होतं.

बाबा दारात येऊन उभे होते. "हे माझ्या उशाशी होतं?"

"हो."

"जानेवारीपासून?"

"हो."

 बाबा म्हणाले, "पुण्याला कळवू नकोस."

भिंत विटांपर्यंत खरवडली, पुढचा उन्हाळाभर उघडी ठेवली. आता ती कोरडी आहे. खोलीत कुणी राहत नाही. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाचा जो भाग गेला तो परत येणार नाही, आणि उरलेलाही हळूहळू जाईल.

बाबा हॉलमध्ये ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेले असतात. नुसत्या हवेने नाक कोरडं पडतं, म्हणून मशीनच्या बाटलीत पाणी भरावं लागतं. थंडीत ती ओल नळीत थेंब होऊन साचते आणि हवा अडते. रोज सकाळी मी नळी काढतो, झटकतो आणि परत लावतो. तेवढा वेळ बाबा माझ्या हातांकडे बघतात.