पाचवीचा मान

पालघरला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. नव्वदच्या आसपासची गोष्ट... माझा मुलगा आदल्या दिवशीच गेला होता. मला ते स्टँडवर चुलतभावाने सांगितलं.

मी तेव्हा राजस्थानात, एका ठेकेदाराकडे वेल्डरचा हेल्पर होतो. शाळा चौथीत सुटलेली, आणि पाय कुठे टिकायचा नाही. बोईसरच्या चार कंपन्या केल्या, चारही सोडल्या. माझी बायको कुंदा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. घरून तार केली ती मला चार दिवसांनी मिळाली, मग पुढे दोन दिवस प्रवास...

भाऊ म्हणाला, "अपुऱ्या दिवसांच्या पोरांना ठेवतात ती काचेची पेटी पन नाय त्या हॉस्पिटलात. त्यांनीच घालवला पोराला. आज सोडू नको." मला बहुतेक तेच ऐकायचं होतं.

वॉर्डात शिरलो. कुंदा खाटेवर बसून होती, ताप होता म्हणून तिला सोडलं नव्हतं. पायथ्याशी आई. बाळाला बाबांनी गावी, माकुणसारला नेऊन पुरलं होतं.

कुंदाशी मी बोललोच नाही. समोर जी नर्स दिसली तिच्यावर सुटलो. मुंबईला का नाय पाठवला? तुमच्या घरचा असता तर?

ती केरळची, लिली सिस्टर. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, डॉक्टर पहिल्या दिवशीच बोलले, मुंबई ले जाओ. तुमची मदर बोलली, मुलगा आल्यावर बघू."

मी आईकडे बघितलं. "मी एकटी कसा ठरवू रे?" एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या... भांडायला आलो होतो, आता भांडण कुणाशी ते कळेना.

तेव्हा कुंदा पहिल्यांदा बोलली. "ओरडून झाला? मग बाजारात जा. खण, नारळ नि थोडे तांदूळ आना. सिस्टरची ओटी भरायची हाय."

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. आमच्याकडे पाचवीला सुईणीची ओटी भरतात, बाळाला पहिलं न्हाऊ घालणारे हात तिचे म्हणून. पण बाळ असलं तर ना... आईही म्हणाली, "अगं, आता कसली ओटी?"

"पाचवीला होता ना तो?" कुंदा म्हणाली. "मग मान राहिलाय तिचा."

मग मला म्हणाली, बाळ गार पडायला लागलं की ही त्याला कापसात गुंडाळून छातीशी धरून बसायची. ड्युटी संपली तरी उठायची नाय. "तुमी नव्हता. ती होती."

मी गेलो बाजारात. दुकानदाराने खणाची घडी घालताना विचारलं, मुलगा की मुलगी? म्हटलं, मुलगा. "अरे वा! मग आमचे पेढे कुठं? हात हालवत आलास?" म्हटलं, आणतो... आणि निघालो.

सिस्टरला ओटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अंगात पांढरा फ्रॉक, पदर कुठून आणणार? शेवटी आईच उठली. "असा धर, बाय," म्हणत तिने तिच्या फ्रॉकचा घेर पुढे धरायला लावला. कुंदाने तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. एक दाणा खाली पडू दिला नाही तिने.

सिस्टर तशीच उभी राहिली, घेर धरून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, बाल बहुत थे उसके. एकदम काले."

मी त्याला पाहिलंच नव्हतं. त्याच्याबद्दल मला कुणी सांगितलेली ही पहिली गोष्ट...

अजूनही गावात कुणी त्या हॉस्पिटलला नावं ठेवली की मला तो फ्रॉकचा घेर आठवतो. पेटी नव्हती हे खरं आहे. आमचं बाळ तिथेच गेलं हेही खरं. पण सहा दिवस त्याला कुणीतरी छातीशी धरलं होतं... आणि तो मी नव्हतो.