पाकिटातला कौल

नाकात दुर्बीण घालून ऑपरेशन करताना रक्ताचा एवढासा थेंबही सर्जनला आंधळं करतो. म्हणून तेवढा वेळ पेशंटचं प्रेशर मुद्दाम, जपून खाली ठेवायचं, हे भूल देणारीचं, म्हणजे माझं काम. त्यासाठीच्या दोन औषधांची आम्ही तुलना करत होतो. कोणाला कुठलं द्यायचं हे आमच्या हातात नव्हतं. बंद पाकीट उघडायचं आणि आतली चिठ्ठी सांगेल ते द्यायचं.

आरोंद्याच्या एका होडीवाल्या काकांच्या नाकात मांस वाढलं होतं. त्यांनी अभ्यासाला होकार दिला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकी एकट्याच माझ्या खोलीत आल्या.

"माझ्या बापाशीचा प्रेशर असाच उतारला, आणि तो गेलो," त्या म्हणाल्या. "त्या दोन औषधांची नावां सांगा. सकाळी देवाक कौल लावतंय."

म्हणजे देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, आणि पडेल त्या बाजूचं औषध. माझं डोकंच फिरलं. मी जरा तोऱ्यातच त्यांना पाकिटाचं सगळं समजावलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मगे ह्यो पण कौलच झालो. फक्त तुमच्या कौलाक देव नाय."

मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही औषधं चांगली आहेत, उजवं कुठलं ते खरंच माहीत नाही, म्हणून तर चिठ्ठी, असं मी सांगत राहिले.

"ह्यो तुमचो घोव असतो, तर खंयचा औषध?"

दोन्ही सारखीच, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण सकाळीच मी काकांची नाडी पाहिली होती. जन्मभर वल्हं मारलेल्या माणसाची संथ नाडी. अभ्यासाच्या नियमांत बसत होती, पण जेमतेम. पहिलं औषध ती आणखी संथ करणार. दुसऱ्याने रक्त थोडं जास्त येईल, एवढंच. माझ्या नवऱ्याला मी पहिलं दिलं नसतं.

"दुसरं," मी म्हणाले.

काकी उठून गेल्या. काकांना मी अभ्यासातून वगळलं. त्यांचं पाकीट तसंच बंद राहिलं.

ऑपरेशनभर सर्जन कुरकुरत होते, रक्त पुसून पुसून वैतागले. मी मॉनिटरवरून नजर काढली नाही. खरं सांगते, इतकी भीती मला पाकिटातल्या औषधाची कधी वाटली नव्हती. या वेळी निवड माझी होती. काकांनी डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काकी दारातच उभ्या होत्या. सगळं ठीक आहे म्हटल्यावर त्या मटकन बाकावर बसल्या. मी थट्टेने विचारलं, "मग काकी, देवाने कुठला कौल दिला?"

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"लावकच नाय. तुमी सांगितल्यावर देवाक कित्याक त्रास देवचो?"