एकशे बारा किलोमीटर

पुरु गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकावर ओरडत होतो. मार्च एंडिंगचे दिवस, आणि तो गृहस्थ वर्षभराच्या पावत्या पिशवीतून टेबलावर ओतून बसलेला. फोनवर आर्वीचा कोणी सांगत होता, "पुरुभाऊ गेले जी. दुकानातच. मोटरीचं वायंडिंग करता करता मान खाली घातली, ती घातलीच..." मी म्हणालो, "कोण पुरुभाऊ?" खरंच म्हणालो. चारच दिवसांपूर्वी तो माझ्या समोरच्या खुर्चीत बसून गेला होता, आणि मी विचारलं, कोण. दीड महिना होत आला. जेवता जेवता उठून फेऱ्या मारायला लागतो म्हणून घरचे वैतागले आहेत. लिहून काढलं तर थोडं स्वस्थ वाटेल, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

पुरुषोत्तम आणि मी आर्वीच्या शाळेत एका बाकावरचे. मी कॉमर्स करून कर सल्लागार झालो, वर्ध्याला आलो, पिपरी मेघेत घर बांधलं, पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. तो पंपाच्या मोटरी दुरुस्त करायला शिकला आणि आर्वीतच राहिला. विहिरीवरची मोटर जळली की आसपासच्या गावांतून त्यालाच बोलावणं यायचं. आधी सायकल होती, मग मोटरसायकल, आणि सात-आठ वर्षांपूर्वी एक जुनी पिकअप. ती गाडी दाखवायला तो मुद्दाम माझ्याकडे आला होता आणि मी गाडीकडे न बघता आधी कागद मागितले. माझा स्वभावच मेला असा.

त्याच दिवशी मी त्याला सांगितलं की गाडी कामाची आहे, तेव्हा डिझेल, विमा, दुरुस्ती, शिवाय गाडी जुनी होत जाते त्याची दरवर्षीची सूट, म्हणजे घसारा, हे सगळं उत्पन्नातून वजा मिळेल. फक्त घरच्या कामासाठी जेवढी फिरेल तेवढा हिस्सा सोडायचा. कोणी विचारलं तर दाखवायला एक वही ठेव. हे मी सगळ्यांना सांगतो. कोणी ठेवत नाही, मग आम्ही अंदाजे दहा टक्के खाजगी धरतो आणि पुढे जातो. पुरुने वही ठेवली. स्टिअरिंगच्या बाजूला सुतळीने टांगलेली, तिलाच बांधलेलं पेन. तारीख, निघतानाचं रीडिंग, कुठे, परतल्यावरचं रीडिंग, आणि शेवटी दोन रकाने, 'काम' आणि 'खाजगी'. बरोबरची खूण कोणत्या रकान्यात करायची ते तो गाडीला चावी लावण्याआधीच ठरवायचा. मी हसलो तर म्हणाला, "मांगून लिहिलं का मन चलाखी करते. निघतानी माणसाले मालूम असते, कायले चाललो ते."

दरवर्षी आमचं भांडण ठरलेलं. त्याच्या वहीप्रमाणे जवळजवळ पाव हिस्सा खाजगी निघायचा. कोणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची, कोणाच्या लग्नाची भांडी आणायची, हे सगळं बिनभाड्याने आणि सगळं खाजगीत. मी चिडायचो. "अरे, हेच लोक तुझे गिऱ्हाईक हायेत. संबंध ठेवणं म्हणजे धंदाच. टाक कामात." तो ढिम्म. "म्हातारीले मोटर बसवाची होती काय?" एकदा तर वहिनींना घेऊन गिरडच्या टेकडीवर बाबांच्या दर्ग्याला निघाला आणि वाटेत समुद्रपूरजवळ एका शेतात मोटर उतरवून दिली. तिथूनच मला फोन. "इथलोक आलो ते खाजगी का काम?" मी म्हणालो, सगळं काम धर. "मंग टेकडीवर जाऊन बाबाले काय सांगू?" शेवटी त्याने मधला फाटा मोजून तेवढे सहा किलोमीटर कामात घेतले. त्या सहा किलोमीटरच्या डिझेलचे पैसे फोनवर बोलण्यातच गेले असतील, असं मी त्याला सुनावलं. तो तिकडून हसत राहिला. त्याचं हसणं फार छान होतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मार्चमधला तो दिवस. दुपारी बाराच्या सुमाराला तो दारात उभा. ऑफिसात तिघे बसलेले, माझ्या कानाला फोन. मी हातानेच त्याला बस म्हणालो. तांब्याची तार घ्यायला तो अधूनमधून वर्ध्याला यायचा, तेव्हा तारेसाठीच आला असेल हे मी गृहीत धरलं. वीसेक मिनिटांनी फोन ठेवून विचारलं, "काय रे, तार घ्याले आलता?" "नाई... असाच." पुन्हा फोन वाजला. तो उचलता उचलता मी म्हणालो, "आलाच हायस तं बोअरची मोटर पाय ना. सुरू होते न् बंद पडते." तो लगेच उठला. मागच्या अंगणात, उन्हात, अर्धा-पाऊण तास काहीतरी करत होता. हात धुऊन आला आणि म्हणाला, "कपॅसिटर गेलता, बदलला." पैसे विचारले तर मान हलवली. "चहा घे," असं मी म्हणालो असेन... नक्की आठवत नाही. "येतो मंग," म्हणाला. मी फोन कानाला लावूनच हात हलवला.

मागच्या आठवड्यात आर्वीला गेलो. आता त्याचं रिटर्न वहिनींना वारस म्हणून भरावं लागेल, त्यासाठी कागद हवे होते. वहिनींनी गाडीतून वही सोडवून आणली, सुतळीसकट. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "अरुणभाऊ, त्या दिवशी ते तुमाले काय सांगाले आलते जी? सकाळी उठून धुतलेला शर्ट घातला. म्या म्हटलं, काम हाय काय? तं म्हणे, नाई, अरुणकडे जाऊन बसतो जरासा." मी वही उघडली. उत्तर द्यायचं टाळण्यासाठीच उघडली, खोटं कशाला बोलू.

ती ओळ सापडली. आर्वी, पिपरी मेघे, आर्वी. एकशे बारा किलोमीटर. वर्ध्यातल्या तारेच्या दुकानाचं नाव नाही, मधे कुठे थांबल्याची नोंद नाही. 'खाजगी'च्या रकान्यात निघतानाची खूण होती. तिच्यावर एक सरळ रेघ मारलेली, आणि शेजारी 'काम'च्या रकान्यात नवी खूण. खाली बारीक अक्षरात 'बोअरची मोटर पाहिली.' इतक्या वर्षांच्या वह्यांत मी त्याची एकही खाडाखोड पाहिली नव्हती. वहिनींना काय सांगणार? काही नाही, सहज आला होता, म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला तिथे बसवेना. काय बोलायचं होतं त्याला? छातीत दुखत होतं? पोरांचं काही होतं? की खरंच काहीच नव्हतं, नुसतं बसायचंच होतं? मला कधीच कळणार नाही, आणि दोष माझा आहे.

रिटर्नचा कच्चा हिशेब तीनदा केला. पुरुच्या वहीप्रमाणे ते एकशे बारा किलोमीटर कामाचे, त्यांची वजावट मिळते. त्याच्या वहीला मी हात लावला नाही. पण हिशेबात ते मी खाजगीत धरले. दरवर्षी त्याची वजावट वाढवायला भांडलो आणि आता मीच कमी केली. वहिनींना फरक सांगितला, किरकोळ आहे. त्या म्हणाल्या, "तुमाले बरोबर वाटते तसं करा."

तो गेल्यापासून बोअरची मोटर एकदाही बंद पडली नाही. सकाळी बटण दाबलं की एका झटक्यात सुरू होते. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात. मी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. आत ऑफिसात फोन वाजत असतो... वाजू देतो.