न आणलेला गुलाल

"गुलाल आणलाय काय रं कुणी?" शेवटची शिट्टी वाजल्यावर आमच्या पेठेच्या गर्दीतून पहिला प्रश्न आला तो हा. कुणीच आणला नव्हता. कोल्हापुरात आमचा फुटबॉल संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरतो. हरल्यावर पंचांना काय म्हणायचं हे सगळ्यांना पाठ आहे. यंदा जिंकलो, तर हातांचं काय करायचं, ते कुणाला सुचेना. अनपेक्षित आनंद माणसाला असाच रिकाम्या हातांनी गाठत असावा.

तेवढ्यात हरलेल्या पेठेतले एक आजोबा पोतं ओढत आमच्याकडे आले. त्यांनी स्वतःच्या विजयासाठी आणलेला गुलाल होता तो. "घ्या की. आता आमी काय भाकरीसंगं खाऊ?" आवाज चेष्टेचा होता, डोळे मात्र ओले होते.

मग सगळी गॅलरी गुलाबी झाली. शेजारचे बापूकाका एकेकाला गुलाल लावत माझ्यापर्यंत आले आणि त्यांचा हात थांबला.

"हिला नको रं. इंग्लिश शाळंतली हाय, कापडं खराब हुतील."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दरवेळी हसून बाजूला झाले आहे. या वेळी जागची हलले नाही.

"काका, मला पण लावा."