अण्णांच्या फोटोला उतार पडेना

माझे वडील वारल्यानंतर बारा-तेरा दिवसांत चार वेळा आजारी पडले, आणि चारही वेळा कारण मी होतो.

अण्णांना काविळीनं नेलं. शेवटी शेवटी डोळे, नखं, सगळं पिवळं. म्हणून आई म्हणाली, "तेराव्याला फोटो काळा-पांढराच लाव रे. ह्यांना पिवळं झालेलं मला पुन्हा नाही बघवणार." एवढंच मागितलं तिनं. बेलवलीत, आमच्या कोपऱ्यावरच फोटो स्टुडिओ आहे, दहा मिनिटांत काम झालं असतं. पण घरात माझा प्रिंटर होता ना, मिळेल तिथली स्वस्त शाई भरलेला! (आणि मी होतो. खरं दुर्दैव तेच.)

"स्टुडिओ कशाला? बापाचा फोटो मुलानं छापावा!" मी म्हणालो.

कॉम्प्युटरवर फोटोतला रंग काढून टाकला. पडद्यावर अण्णा झकास. कागदावर हिरवट-पिवळे! आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, चष्मा पुसून म्हणाली, "अगं बाई, ह्याला अजून उतार नाही?" आई उठून आत गेली.

मी उल्हासनगर गाठलं. शाईवाल्या शेठनं प्रिंट उलटीसुलटी बघितली. "भाई, ग्रे बनाने को प्रिंटर सब कलर मिलाता है. तुमने चार बोतल चार जगह की भरी, तो चाचा का यही होगा ना! नया सेट डालो, और सॉफ्टवेअर में सिर्फ काली इंक पे टिक मारो."

नवा सेट भरला, टिक मारली. पिवळेपणा गेला! पण चेहराभर बारीक काळे ठिपके.

"देवी आल्या गं ह्याला!" आत्या किंचाळली.

टिक काढली. मग सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या पट्ट्या ढकलत बसलो, हिरवा जरा कमी, लाल जरा जास्त. अण्णा जांभळे झाले.

"धाप लागलीय," आत्या म्हणाली. आता तिलाही रडू येत होतं.

किती कागद फुकट गेले, विचारू नका. शेवटी ट्यूबखाली धरलेल्या एका कागदावर अण्णा अस्सल करडे निघाले. (भर दिवसा ट्यूब! अण्णांना ती कधीच खपली नाही.) आईनं फोटोतल्या गालावर बोट ठेवलं. "हं, हे बरे असतानाचे," म्हणाली. मी रडलो, उघडच सांगतो.

तेराव्याला फोटो खिडकीजवळ पाटावर ठेवला, हार घातला. ऊन आत आलं आणि अण्णा पुन्हा पिवळे! (शाई ट्यूबखाली जुळली म्हणून उन्हात जुळेलच असं नसतं, हे शेठनं सांगितलं. नंतर!) आई पुन्हा उठून आत निघाली. मी धावत खिडकी लावली, पडदा ओढला, ट्यूब लावली. अण्णांना लगेच बरं वाटलं. पाहुणे घामानं निथळत जेवले.

स्टुडिओतून दुसरा आणतो म्हटलं, तर आई म्हणाली, "नको. तुझ्या हातचा आहे, राहू दे." तेव्हापासून ती खिडकी बंद आणि ट्यूब दिवसभर चालू. लाईट गेली की आई आतून विचारते, "ह्यांचं कसं आहे रे?"

"लाईट येऊ दे, वाटेल बरं," मी म्हणतो.

अण्णा घरात पाऊल टाकताच ओरडायचे, "भर दिवसा ट्यूब कोणत्या गाढवानं लावली?" आता भिंतीवरून दिवसभर ते त्या गाढवाकडेच बघत असतात.