पुतळाबाईची कारवी

पळसदरीची पुतळाबाई माझी चुलत जाऊ. हट्टी म्हटलं की रागावते, आणि रागावली की आणखी हट्टी होते. गुडघ्यांनी तिला डोंगर बंद केला, तेव्हा तिनं डोंगरावरचं कारवीचं बी मागवून घरामागच्या उतारावर पेरलं. हे दोन हजार सतरा सालचं. लोक भेंडी लावतात, वांगी लावतात. हिनं लावलं ते सात वर्षांनी एकदा फुलणारं रानझुडूप!

"तवर वाट बघत बसणार व्हय गं?" मी विचारलं.

"बसंन. मला अजून एकदा फुललेली बघायचीय. मध प्यायला शिंजीर पाखरं, माश्या, समदे माज्या दारात येतील."

अडचण एकच, नवरा. सखारामभाऊजी तरुणपणी कारवीचे कुड बांधायचे. काठ्या उभ्या विणायच्या, वर शेणमाती लिंपायची, झाली भिंत. आता घराला विटा आल्या, पण हातांना ते कुठं कळतंय? कारवी अंगठ्याएवढी जाड झाली की तोडायची, हे त्यांना पक्कं ठाऊक. तेवढी जाड झाली की ती फुलायला आली, हे पुतळाबाईला ठाऊक.

सातव्या वर्षी जूनमध्ये ती शिळफाट्याला दीक्षाच्या, म्हणजे लेकीच्या, बाळंतपणाला गेली. "कारवीला हात लावू नका," असं तीनदा बजावून गेली. भाऊजींनी तीनदा मान हलवली. महिन्यानं परत आली तर परसात शिराळ्याचा देखणा मांडव, आणि उतार अर्धा टकला.

"अवो, ही कारवी कुटं गेली?"

"निम्मीच तोडलीय. तुजी निम्मी हाय तशीच."

"माजी निम्मी? पेरली तवा वाटणी झाली हुती काय?"

मग वेल धरल्यावर भाऊजींच्या ताटात रोज शिराळं. सकाळी भाजी, संध्याकाळी सालींची चटणी. मांडव बांधला ना, खा आता!

ऑगस्टअखेरीला उरलेली निम्मी फुलली. जांभळी, नुसती माश्यांनी घोंघावणारी. पुतळाबाई चहाचा कप घेऊन सकाळपासून पायरीवर, आणि शिंजीर एका फुलावरून दुसऱ्यावर. दोन हातांवर भाऊजीही येऊन बसले.

"भाऊजी, तुमच्या मांडवावर किती शिंजीर आले?" मी खोडी काढली.

"एक पण नाय," ते म्हणाले.

फुलून झाली की कारवी वाळते. वाळलेलीही तिनं तोडू दिली नाही. बोंडं फुटून बी पडायचं होतं. भाऊजी दर रविवारी विचारायचे, "आता?" ती म्हणायची, "थांबा." पुढच्या जूनमध्ये बोंडं तडतडली, बी उडून टकलाच्या बाजूलाही पडलं. मग तिनंच कोयता त्यांच्या हातात दिला.

त्या काठ्यांचा भाऊजींनी आख्ख्या उताराभोवती कुड विणला. छातीएवढा उंच, शेळीचं तोंड शिरणार नाही असा. आत बोटभर रोपं. मी चारी बाजूंनी फिरून आले.

"भाऊजी, दार कुटं हाय?"

"ठेवलंच नाय."

"का वो?"

"मीच शिरंन ना."